घरगुती कॉकाटिल-पालन : वीण केव्हा घ्यावी व केव्हा थांबवावी

लाखांदूर तालुका हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख आहे. रोवणी आणि कापणी या दोन वेळी शेतास माणूस मिळत नाही आणि मधल्या काळात माणसास काम मिळत नाही, ही येथील जुनी अडचण होय. यास्तव कोंबड्या, शेळ्या, तलावातील मासळी अशा जोडधंद्यांकडे येथील शेतकरी कुटुंबांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. अलीकडे या पंक्तीस एक नवखा पाहुणा येऊन बसला आहे. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली मिरविणारा हा पक्षी म्हणजे कॉकाटिल. बाजारात त्यास सर्रास ‘कॉकटेल’ असे म्हणतात.

सुरुवात बहुधा हौसेने होते. मुलांच्या हट्टाखातर नागपूरहून एक जोडी आणली जाते. पुढे तिची अंडी पडतात, चार पिल्ले होतात आणि त्यांतील दोन शेजारचे गृहस्थ पैसे देऊन घेऊन जातात. मग घरात हिशेब सुरू होतो. एका जोडीची चार पिल्ले, तर दहा जोड्यांची चाळीस; आणि वर्षातून सहा वेळा वीण घेतली तर किती? येथे गुणाकारास कागद पुरत नाही. शिवारफेरीत भेटणारे तरुण शेतकरी ‘हा पक्षी वर्षातून किती वेळा अंडी देतो?’ असे विचारतात, तेव्हा खरे उत्तर असे द्यावे लागते की, आपण देऊ द्याल तितक्या वेळा देतो आणि त्यातच मादी दगावते. कॉकाटिलची वीण घेणे फारसे अवघड नाही. ती वेळेवर थांबविणे अवघड आहे आणि या धंद्याचे यशापयश बहुतांशी त्यावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पालनाची सर्वसाधारण माहिती देत असतानाच या बाबीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

पक्ष्याची ओळख

कॉकाटिल हा मूळचा ऑस्ट्रेलिया खंडातील पक्षी असून काकाकुवाच्या कुळातील तो सर्वांत लहान सभासद होय. त्याचे शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी ३० ते ३३ सेंटिमीटर भरते. परंतु त्यातील निम्मी लांबी शेपटीचीच असते. वजन ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांहूनही कमी. रानातील पक्ष्याचा रंग राखाडी असून पंखावर पांढरा पट्टा असतो. बाजारात दिसणारे कबरे व पिवळसर पांढरे पक्षी हे पिंजऱ्यातील पैदाशीत निपजलेले प्रकार होत. कबरा प्रकार १९४९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आणि पिवळसर पांढरा, ज्यास ल्यूटिनो म्हणतात तो, १९५८ साली फ्लोरिडा राज्यात प्रथम निघाला. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपल्या रानपक्ष्यांच्या व्यापारी निर्यातीस बंदी घातली आहे. त्यामुळे आपल्याकडे येणारा प्रत्येक कॉकाटिल हा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरी वाढलेल्या पक्ष्यांचा वंशज आहे.

तथापि रानातील सवय त्याच्या अंगातून गेलेली नाही. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग कोरडा आहे. तेथे या पक्ष्यांचे थवे पाण्याच्या व गवताच्या शोधात भटकत असतात. पाऊस पडून गवतास दाणा भरला की ते पाण्याजवळच्या एखाद्या झाडाची ढोली गाठतात आणि वीण घेतात. ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी वीण नाही. मुबलक दाणा, मुबलक पाणी, मोठा दिवस आणि अंधारी ढोली या चार गोष्टी जुळून आल्या की पक्ष्याचे शरीर अंडी घालण्यास सिद्ध होते. आता आपल्या घरातील स्थिती पाहावी. दाणा बारमाही, पाणी बारमाही, विजेचा दिवा रात्री दहापर्यंत जळतो आणि पेटी पिंजऱ्यास कायमची टांगलेली. पक्ष्याच्या दृष्टीने हा सुकाळ कधी संपतच नाही.

कायद्याची बाजू

पक्षी आणण्यापूर्वी कायदा समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या भागात झाडाच्या ढोलीतून पोपटाची पिल्ले काढून घरी पाळण्याची अथवा विकण्याची चाल अद्याप पूर्णपणे मोडलेली नाही. साधा पोपट असो, करण पोपट असो वा तुईया असो, देशी पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद झालेला आहे. ज्यास पक्षी पाळण्याची हौस आहे त्याने ढोलीतील पिल्लाकडे न वळता घरी पैदा केलेल्या विदेशी पक्ष्याकडे वळावे, हे कायद्याच्या व निसर्गाच्या अशा दोन्ही दृष्टींनी इष्ट आहे.

विदेशी पक्ष्यांबाबतही काही बंधने आहेत. वरील अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत ज्या प्राण्यांची नावे आहेत त्यांची नोंदणी करणे त्यामुळे बंधनकारक झाले असून, २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावयाची असते. मॅकॉ, आफ्रिकन ग्रे आदी मोठे पोपट यात येतात. कॉकाटिल व बजरीगर ही नावे या परिशिष्टांत नाहीत. त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. दुकान काढून पाळीव पक्षी विकावयाचे झाल्यास मात्र २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंद करावी लागते. विकत घेतलेल्या पक्ष्याची पावती जपून ठेवावी. ती पुढे उपयोगी पडते.

जोडीची निवड

सहा महिन्यांच्या आतील सर्व राखाडी पिल्ले मादीसारखीच दिसतात, आणि येथेच नवखा मनुष्य फसतो. ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन्ही पक्षी नर अथवा दोन्ही माद्या निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. पहिली पिसे गळून नवी आल्यावर राखाडी नराचे तोंड पिवळेजर्द व गाल गडद नारिंगी होतात; मादीचे तोंड राखाडीच राहते आणि तिच्या शेपटीच्या खालील बाजूस आडवे पट्टे कायम राहतात. नर लांबलचक शीळ घालतो, चोचीने दांडीवर टकटक करतो; मादी बहुधा एकसुरी ओरडते. ल्यूटिनो पक्ष्यात हा भेद तोंडावरून समजत नाही. त्याची शेपटी उजेडासमोर धरून पाहिल्यास मादीच्या पिसांवर फिकट पिवळे पट्टे अस्पष्ट दिसतात. खात्री हवी असल्यास पिसावरून प्रयोगशाळेत लिंगतपासणी करून मिळते.

येथे आनुवंशिकतेचा एक नियम कामास येतो. ल्यूटिनो नर आणि शुद्ध राखाडी मादी अशी जोडी लावली असता होणारी सर्व ल्यूटिनो पिल्ले माद्या असतात व सर्व राखाडी पिल्ले नर असतात. अशा जोडीची पिल्ले पिसे फुटताच नर-मादी म्हणून वेगळी करता येतात. गिऱ्हाईकास खात्रीने सांगता येते. ल्यूटिनोची ल्यूटिनोशी पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावल्यास तुऱ्यामागे टक्कल असलेली संतती अधिक निघते, त्या दृष्टीनेही ही जोडी बरी. एकाच विणीतील भाऊ-बहीण जोडीस लावू नयेत, हे जनावरे पाळणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

कॉकाटिलची मादी आठ-नऊ महिन्यांची होताच अंडे देऊ शकते. परंतु तिची हाडे व शरीर तोवर पक्व झालेले नसते. मादीचे वय दीड वर्ष आणि नराचे किमान एक वर्ष झाल्याखेरीज पेटी लावू नये. नवीन आणलेले पक्षी एक महिना वेगळ्या खोलीत ठेवावेत, म्हणजे एखादा रोग असल्यास तो जुन्या पक्ष्यांना लागण्यापूर्वी ध्यानात येईल.

पिंजरा व जागा

एका जोडीसाठी पिंजरा किमान ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असावा. लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. जाळीचे भोक दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे नसावे. नवीन जस्ती जाळी वापरण्यापूर्वी शिरक्याने (व्हिनेगरने) घासून, धुऊन काही दिवस उघड्यावर ठेवावी. पक्षी जाळी चोचीने चावतो आणि सुटलेले जस्त पोटात गेल्यास विषबाधा होते. बसण्याच्या दांड्या कडुनिंबाच्या अथवा पेरूच्या फांद्यांच्या कराव्यात. सारख्या जाडीच्या गुळगुळीत दांडीपेक्षा वेड्यावाकड्या फांदीवर पायांस विसावा मिळतो.

पिंजरा स्वयंपाकघरात कधीही टांगू नये. धूर तर वाईटच. परंतु न चिकटणाऱ्या लेपाचा तवा जास्त तापल्यास त्यातून निघणारी वाफ पक्ष्यास काही मिनिटांत मारते. डासांची अगरबत्ती व फवारे यांचाही त्रास होतो. धानावर औषध फवारून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन कपडे बदलल्याखेरीज पिंजऱ्याजवळ जाऊ नये आणि फवारलेल्या बांधीवरचे गवत अथवा पाला पक्ष्यांस घालू नये. आपल्या तालुक्यात ही दक्षता इतर ठिकाणांपेक्षा अधिक घ्यावी लागते.

या पक्ष्यास रात्री अचानक घाबरण्याची खोड आहे. मांजर गेले, भांडे पडले की तो अंधारात जाळीवर आपटून पंख मोडून घेतो. यासाठी खोलीत अगदी मंद दिवा ठेवावा. पिंजऱ्यावर उजेडाचा झोत मात्र पडू नये.

आहार

बाजरी, राळा, थोडे भिजविलेले धान व ओट यांचे मिश्रण हा रोजचा दाणा समजावा. सूर्यफूल व करडई ही तेलबिये पक्षी आवडीने खातो, पण त्याने चरबी वाढते. म्हणून ती चिमूटभरच द्यावीत. केवळ दाण्यावर पक्षी जगतो, पण वीण घेण्याइतका सशक्त राहत नाही, कारण दाण्यात अ जीवनसत्त्व व चुना फारच कमी असतो. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर यांपैकी काहीतरी रोज असावे. मोड आलेले मूग अथवा मटकी आठवड्यातून तीन-चार वेळा द्यावी; मात्र आंबूस वास येताच टाकून द्यावी. लाखोळी पक्ष्यांच्या दाण्यात मिसळू नये. तिच्यातील विषारी द्रव्य माणसालाही बाधते. चहा, चॉकलेट, कांदा, मिठाचे पदार्थ आणि ॲव्होकॅडो हे फळ वर्ज्य समजावे.

चुन्याची बाब स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. कॉकाटिलचे एक अंडे पाच ते सहा ग्रॅमचे असते. नव्वद ग्रॅमची मादी एका दिवसाआड अशी पाच अंडी देते, तेव्हा नऊ-दहा दिवसांत ती आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक अंश शरीराबाहेर टाकते. सुधारित जातीच्या कोंबडीचे अंडे तिच्या वजनाच्या सुमारे शेकडा तीन भरते. कॉकाटिलचे शेकडा सहा. शिवाय अंड्यावरील कोंबडीस शेकडा साडेतीन-चार टक्के चुना असलेले खास खाद्य आपण विकत आणून घालतो, आणि कॉकाटिलला घालतो नुसती बाजरी! कवचासाठी लागणारा चुना मादी मग आपल्या हाडांतून काढते. हाडांतील साठा संपला की अंडे मऊ कवचाचे येते, स्नायूंची शक्ती जाते आणि एक दिवस अंडे वाटेतच अडकते.

यास्तव पिंजऱ्यात समुद्रफेणाचा तुकडा बारमाही टांगलेला असावा. तो न मिळाल्यास कोंबडीच्या अंड्याची टरफले उकळून, वाळवून, कुटून ठेवावीत. शिंपल्यांचा चुराही चालतो. दाण्यात नाचणी मिसळावी. ती आपल्या भागात पिकत नसली तरी बाजारात मिळते आणि तिच्यातील चुना बाजरीच्या कितीतरी पट असतो. चुना अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे आणि ते कोवळ्या उन्हाने मिळते. म्हणून पिंजऱ्याच्या एका भागास सकाळचे ऊन थेट, काचेतून न येता, मिळेल अशी व्यवस्था करावी.

विणीचे वेळापत्रक

ऑस्ट्रेलियातही ऊन कडक असते, मग आपल्याकडील उन्हाळा या पक्ष्यास का सोसू नये, असा प्रश्न काही जण करतात. प्रश्न रास्त आहे. तेथील मोकळा पक्षी दुपारी सावलीतील फांदी गाठतो, पाण्यावर जातो, परिसर फारच तापल्यास थवाच्या थवा दुसरीकडे निघून जातो. पत्र्याच्या छपरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील मादीस मात्र अंडी सोडून कोठेही जाता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. त्या कोरड्या झळांनी अंड्यातील ओल उडून जाते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मरते. पावसाळ्यात उलट स्थिती असते. चहूकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, हवा दमट, पेटीतील भुसा ओलसर. त्यात बुरशी धरते व पिल्लांच्या फुप्फुसांस रोग होतो. हे सर्व लक्षात घेता लाखांदूर परिसरात ऑक्टोबर ते मार्च हाच विणीचा काळ योग्य ठरतो.

पाऊस परतल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेटी लावावी. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांब-रुंद व ३० सेंटिमीटर उंच, आंबा अथवा सावरीच्या फळ्यांची, रंग वा वार्निश न लावलेली असावी. भोक सहा-सात सेंटिमीटर व्यासाचे ठेवावे आणि तपासणीसाठी बाजूस झाकण असावे. तळाशी सुताराकडील रंध्याचे स्वच्छ छिलके पाच सेंटिमीटर जाडीचे पसरावेत. धानाचे तूस घरचे व फुकट असले तरी वापरू नये; त्यात धूळ फार व ते लवकर ओल धरते.

पेटी लावल्यापासून दोन आठवड्यांच्या सुमारास पहिले अंडे पडते. एका विणीत चार ते सात अंडी असतात. उबविण्याचे काम नर-मादी वाटून घेतात. दिवसा बहुधा नर व रात्री मादी बसते. कोंबड्यांत हे दृश्य दिसत नाही, त्यामुळे नर पेटीत बसलेला पाहून काही जण घाबरून त्यास बाहेर काढतात. तसे करू नये. अंडे उबण्यास अठरा ते एकवीस दिवस लागतात. बसल्यापासून आठव्या दिवशी अंड्यामागे बॅटरीचा उजेड धरून पाहावे. फलित अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. पहिल्या विणीत सर्व अंडी वांझ निघाली तरी निराश होऊ नये. तरुण जोडीत असे वरचेवर घडते.

पिल्ले साडेचार-पाच आठवड्यांची झाली की पेटीबाहेर येतात आणि आठ ते दहा आठवड्यांची होईपर्यंत नर त्यांना भरवीत असतो. याच सुमारास मादी दुसऱ्या विणीच्या तयारीस लागते. डिसेंबरअखेर दुसरी अंडी पडली, तर त्यांची पिल्ले फेब्रुवारीच्या शेवटी पेटीबाहेर येतात व मार्चमध्ये स्वतंत्रपणे दाणा टिपू लागतात. येथे वर्षाचे काम संपले पाहिजे. वर्षातून दोन विणी, त्याहून एकही अधिक घेऊ नये.

तिसरी वीण का घेऊ नये

आमच्या पाहण्यातील एका घरी एका मादीकडून एका वर्षात पाच विणी घेण्यात आल्या. पहिल्या दोन विणींची पिल्ले ठणठणीत होती. तिसऱ्या विणीत एक अंडे मऊ कवचाचे आले. चौथ्या विणीची पिल्ले किरकोळ, त्यांतील दोघांचे पाय वाकडे. पाचव्या विणीच्या तिसऱ्या अंड्यास मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली आढळली. घरच्यांची समजूत अशी की, तिला दृष्ट लागली अथवा थंडी बाधली. वस्तुतः तिसऱ्या विणीतील मऊ अंडे ही सूचना होती. ती ओळखली असती तर ही मादी आणखी कित्येक वर्षे विणीस उपयोगी पडली असती; नीट निगा राखल्यास कॉकाटिल पंधरा वर्षे व त्याहूनही अधिक जगतो.

अंडे अडकल्याची लक्षणे अशी : मादी दांडी सोडून तळाशी बसते, शेपटी वरखाली करून कुंथते, पोट फुगीर दिसते, पाय लुळे पडतात. अशा वेळी तिला लहान पेटीत ठेवून साध्या विजेच्या दिव्याने सुमारे तीस अंश ऊब द्यावी, जवळ गरम पाण्याचे भांडे ठेवून हवा ओलसर करावी आणि विलंब न लावता पशुवैद्यकांकडे न्यावे. तालुक्याच्या दवाखान्यात इलाज न झाल्यास नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. अंडे दाबून अथवा ओढून काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ते आत फुटल्यास मादी वाचत नाही.

पेटी काढली तरी काही माद्या पिंजऱ्याच्या तळाशीच अंडी घालू लागतात. येथे कोंबडीपालनाचा अनुभव उलट्या बाजूने उपयोगात आणावा. कोंबडीची अंडी आपण रोज उचलतो, म्हणून ती घालत राहते. कॉकाटिलचा स्वभावही तसाच आहे. अंडे उचलले की ती त्याची भरपाई करते. म्हणून तळाशी पडलेली अंडी तशीच राहू द्यावीत. फलित होण्याचा संभव असल्यास ती उकळून, थंड करून परत ठेवावीत. मादी दोन-तीन आठवडे बसते, कंटाळते व आपणच उठते. याखेरीज मोड आलेली कडधान्ये व उकडलेले अंडे असे पौष्टिक खाणे काही काळ बंद करावे. समुद्रफेण मात्र काढू नये. सूर्यास्तानंतर दिव्याच्या उजेडातून पिंजरा हलवून रोज बारा तास अंधार व शांतता द्यावी. एवढ्यानेही न भागल्यास नर व मादी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावेत.

पिल्लांची निगा व विक्री

अंगठी घालावयाची असल्यास पिल्लू आठ ते दहा दिवसांचे असताना सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाची बंद अंगठी घालावी; नंतर ती पायात जात नाही. अंगठीवरील क्रमांक वहीत आई-बापांच्या क्रमांकासह टिपून ठेवावा. भाऊ-बहिणीची जोडी लागणे टाळण्यास दुसरा खात्रीचा उपाय नाही.

बाजारात माणसाळलेल्या पिल्लास भाव अधिक मिळतो. यासाठी काही व्यापारी तीन आठवड्यांची, स्वतः खाऊ न शकणारी पिल्ले मागतात व ती हाताने भरविण्याचे काम गिऱ्हाईकावर सोडतात. या व्यवहारात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भरविण्याची पेज ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान असावी लागते. त्याहून गरम झाल्यास पिल्लाच्या गळ्याखालील अन्नाची पिशवी भाजून तिला भोक पडते. गार झाल्यास अन्न आत साचून आंबते. पिचकारी चुकीच्या बाजूने गेल्यास पेज फुप्फुसात जाते. नवखे गिऱ्हाईक यांपैकी एखादी चूक करते, पिल्लू मरते आणि त्या घरी पुन्हा कोणी पक्षी घेत नाही. त्याऐवजी पिल्ले आई-बापांकडेच ठेवून, दोन आठवड्यांची झाल्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटे हातात घ्यावीत. आई-बाप भरविण्याचे काम करतात आणि पिल्लू माणसासही सरावते. आठ-दहा आठवड्यांनंतर, सलग आठवडाभर स्वतः दाणा खाताना पाहिल्यावरच ते विकावे.

उन्हाळा, शत्रू व रोग

मार्चपासून जूनपर्यंत पिंजरा कौलारू अथवा माळवदाच्या खोलीत, दक्षिण-पश्चिमेच्या झळांपासून दूर ठेवावा. खिडकीस वाळ्याची ताटी अथवा ओले पोते बांधावे; अंघोळीसाठी रोज उथळ ताटलीत पाणी द्यावे. पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरू लागला की त्यास उष्णता असह्य झाली असे समजून ताबडतोब गार जागी न्यावे. पौष-माघाच्या थंडीत पिंजऱ्याच्या तीन बाजू पोत्याने झाकाव्यात, एवढे पुरते.

तणसाच्या ढिगाजवळ पिंजरा असल्यास उंदीर येतात व उंदरांमागे धामण येते. पिंजऱ्याच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्यांचा बंदोबस्त होतो. नुकत्याच फुटलेल्या अंड्यातील पिल्लू लाल मुंग्या बघता बघता खातात.

कॉकाटिलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत गळत असते. घरात दम्याचा रोगी असल्यास हा पक्षी पाळू नये. झाडताना धूळ उडू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पोपटवर्गातील पक्ष्यांपासून माणसास सिटॅकोसिस नावाचा ताप येऊ शकतो. पक्षी पाळणाऱ्या घरात कोणास ताप व कोरडा खोकला बरेच दिवस राहिल्यास डॉक्टरांना घरी पक्षी असल्याचे आवर्जून सांगावे. रोग ओळखला गेल्यास त्यावर औषध आहे.

हिशेबाविषयी थोडे

एक प्रौढ पक्षी दिवसास बारा ते पंधरा ग्रॅम दाणा खातो. एका जोडीस वर्षाकाठी सुमारे नऊ ते अकरा किलो दाणा लागतो; सांडलवंड व पिल्लांचे खाणे वेगळे. दोन विणींत मिळून सहा पिल्ले विकण्याजोगी हाती आली तर जोडी चांगली चालली असे समजावे. या सहा पिल्लांना किरकोळ गिऱ्हाईक देते तो भाव न धरता, नागपूरचा व्यापारी ठोक घेताना देतो तो भाव धरूनच उत्पन्न काढावे. त्यातून बाराही महिन्यांचा दाणा, पिंजऱ्याची झीज, औषधोपचार व प्रवासखर्च वजा करावा. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने पक्षी खातात आणि उत्पन्न देत नाहीत, हेही त्यात आले पाहिजे. असा हिशेब मांडल्यास या धंद्यातून वरखर्चाचे पैसे सुटतात, पण शेतीची तूट भरून निघत नाही, असे दिसून येईल. यासाठी कर्ज काढू नये. दोन जोड्यांवर दोन वर्षे अनुभव घ्यावा व विकलेल्या पिल्लांच्या पैशांतूनच तिसरी जोडी करावी. हे काम घरातील स्त्रिया व शाळकरी मुले सकाळ-संध्याकाळ मिळून एका तासात उरकू शकतात. त्यांच्या नावाने वेगळी वही घातल्यास हिशेबही चोख राहतो.

दुसऱ्या विणीचे शेवटचे पिल्लू बाहेर पडताच पेटी काढून घ्यावी. आतील छिलके खताच्या खड्ड्यात टाकून ती गरम पाण्याने व साबणाने घासावी, एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हात आठ-दहा दिवस पालथी ठेवावी आणि मग जोडीच्या नजरेस पडणार नाही अशी ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर चढवून ठेवावी.